तेरा वर्षांपूर्वीची काच

इस्पितळात तिला सगळे काचताई म्हणायचे. हे नाव काही कौतुकाने पडलं नव्हतं. नोकरीला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या हातून काचपट्ट्यांचा अख्खा ट्रे फरशीवर पडला आणि नेमके थोरले डॉक्टर दारात उभे. ते ओरडले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, या नुसत्या काचा नव्हेत. एकेकीवर एकेक माणूस आहे. सकाळी सकाळी बारा माणसं पाडलीत तुम्ही." काचताईला वाटलं, आपली नोकरी गेली. नोकरी गेली नाही. त्यानंतरच्या एकतीस वर्षांत तिच्या हातून एक काच फुटली नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

काम तसं शांत होतं. शस्त्रक्रियेच्या खोलीतून डबीत बुडवलेला तुकडा यायचा, कधी मसुरीच्या दाण्याएवढा, कधी मूठभर. तो मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा. ठोकळा यंत्रात धरून कांद्याच्या पापुद्र्यालाही लाज वाटेल इतके पातळ काप काढायचे, ते कोमट पाण्यावर तरंगू द्यायचे आणि सुरकुती पडायच्या आत काचेच्या पट्टीवर अलगद उचलून घ्यायचे. मग गुलाबी आणि जांभळा रंग द्यायचा, वर झाकणाची काच लावायची आणि कडेला नंबर टाकायचा. डॉक्टर ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून दोन-तीन ओळी लिहीत, आणि त्या ओळींवर कुणाचं तरी घर सावरायचं नाहीतर कोसळायचं. त्यानंतर पट्टी आणि ठोकळा पुन्हा काचताईकडे. पहिल्या मजल्याच्या टोकाला जी लांबोडकी खोली होती, तिथल्या पोलादी कपाटांच्या खणांत ते जाऊन बसायचे. कपाटांमधून जायला एवढीशी वाट, आडवं होऊन सरकावं लागे. वास मेणाचा आणि स्पिरिटचा. घरी गेलं तरी तो केसांतून जात नसे.

तिचा नवरा रंगारी होता, घरांच्या भिंती रंगवायचा. सोळा वर्षांपूर्वी त्याच्या पोटात गाठ निघाली. ज्या दिवशी तुकडा खाली आला त्या दिवशी दुसरी तंत्रज्ञ बाई रजेवर. डॉक्टरांनी तिला म्हटलं, "राहू दे, उद्या करू." ती म्हणाली, "माझ्याइतका पातळ काप दुसरं कोण काढणार?" आणि तिने काढला. नंबर स्वतःच्या अक्षरात टाकला. डॉक्टर पट्टी बघून बराच वेळ मान वर करेनात, तेव्हाच ती काय ते समजली. तो सात महिने जगला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली दोघं, ती आणि तिचे सासरे.

सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरी करून निवृत्त झालेले. पंपाच्या आवाजाने कान गेलेले, त्यामुळे घरात रेडिओ इतका मोठ्याने लागे की खालच्या मजल्यावरचे लोक बातम्या फुकट ऐकत. एकुलता एक मुलगा गेल्यावर लोकांना वाटलं, सून आता आपल्या वाटेने जाईल. ती गेली नाही, आणि त्यांनीही कधी "का गेली नाहीस" असं विचारलं नाही. सकाळी ते चहा करत, संध्याकाळी ती स्वयंपाक करी. "सूनबाई, आज किती माणसं कापलीस?" असं ते रोज विचारत, आणि ती रोज आकडा सांगे. दोघांचा तेवढाच विनोद होता आणि तो सोळा वर्षं पुरला होता.

तर झालं असं की, एके दिवशी खालच्या मजल्यावर, लहान मुलांचं रक्त घेतात त्या खोलीच्या छताला चीर दिसली. इंजिनिअर आले, टकटक करून बघितलं आणि वर काय आहे म्हणून विचारलं. वर काचताईची खोली. काच दिसायला हलकी, पण चाळीस वर्षांची काच एका जागी साठली की तिचं वजन तुळईला विचारावं. इंजिनिअर म्हणाले, "हे निम्मं तरी इथून हललं पाहिजे. मुलांच्या डोक्यावर आहे." त्यावर कोण काय बोलणार?

नियमाचं पुस्तक निघालं. त्यात लिहिलं होतं, पट्ट्या आणि ठोकळे दहा वर्षं ठेवावेत. त्यापुढे काय करावं हे लिहिलं नव्हतं, म्हणजे टाकावेत असाच त्याचा अर्थ लागला. थोरले डॉक्टर तोवर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई कामाला चोख आणि बोलायला मोजक्या. त्यांनी कागदावर सही केली आणि कागद काचताईपुढे सरकवला.

"तुमच्याशिवाय हे कुणाला जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "दहाच्या आतलं एकही जाता कामा नये."

"आणि दहाच्या बाहेरचं?"

"ते सगळं."

काचताईने कागद उचलून विचारलं, "कुणी मागायला आलं तर?"

"इतक्या वर्षांत दहा वर्षांपूर्वीचं मागायला किती जण आले?"

तिने आठवून बघितलं. "सहा. सात असतील."

"एकतीस वर्षांत सात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाजात कुत्सितपणा नव्हता, नुसता हिशेब होता. "आणि खाली रोज साठ मुलं येतात."

तीन आठवडे ते काम चाललं. खण ओढायचा, वर्ष वाचायचं, नंबर वहीत खोडायचा, पट्ट्या निळ्या पेटीत टाकायच्या, ठोकळे पिवळ्या पेटीत. संध्याकाळी गाडी येऊन पेट्या घेऊन जाई. काच भरडायला, मेण भट्टीत. पहिले दोन दिवस ती पट्ट्या हळूच ठेवत होती. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, फुटायलाच चाललेली वस्तू आपण फुटू नये म्हणून जपतोय. तेव्हापासून ती ओतायला लागली. खळ्ळकन आवाज व्हायचा आणि शेजारच्या खोलीतली माणसं दचकायची.

दुसऱ्या आठवड्यात सोळा वर्षांपूर्वीचा खण आला. तो कुठे आहे हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. आपलं अक्षर तिला दिसलं. तिने वहीतला नंबर नियमाप्रमाणे खोडला, आणि पट्टी ॲप्रनच्या खिशात टाकली.

एकदा हात वळला की वळलाच. शेजारणीच्या आईची पट्टी होती, तीही खिशात गेली. इस्पितळाच्या दारावर बसणाऱ्या जुन्या पहारेकऱ्याची होती, तो फार हसरा माणूस होता. तिच्या शाळेतल्या बाईंची होती. अशा करत करत त्रेचाळीस झाल्या. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात कापूस घालून तिने त्या नीट लावल्या आणि डबा आपल्या कपड्यांच्या कपाटात ठेवला. नियम मोडला याचं तिला काही वाटलं नाही. उलट आपण काहीतरी चांगलं केलं, निदान एवढ्यांना तरी वाचवलं, असंच वाटलं. ज्यांना ती ओळखत नव्हती त्यांचे खण ती त्याच हाताने पेटीत ओतत होती.

खोली मोकळी झाली. खाली चीर बुजवून रंग दिला. चार महिने गेले.

मग एका सकाळी, काचताई रिपोर्ट देत असे त्या खिडकीशी दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. पुढची पन्नाशीतली, बारीक, गळ्यात मापाची फीत तशीच राहिलेली. शिंपीण होती, गल्लीत दुकान होतं. मागची तिची धाकटी बहीण, हातात कागदांची जाड पिशवी.

"माझी एक काच हवी होती," शिंपीण म्हणाली. "म्हणजे माझ्यातली." आणि स्वतःच हसली.

तिने जबड्याखाली बोट ठेवलं. तिथे पांढरी बारीक रेघ होती. तेरा वर्षांपूर्वी तिथली गाठ याच इस्पितळात काढली होती. तेव्हापासून ठणठणीत. आता खोकला म्हणून छातीचा फोटो काढला, तर फुप्फुसात एक डाग. सुई घालून तुकडा काढला, पण तो इवलासा आणि चुरगळलेला निघाला, त्यावरून काही धड सांगता येईना. छातीचे डॉक्टर म्हणाले होते, जुनी पट्टी आणा. जुनी आणि नवी शेजारी ठेवली की कळेल, हा तोच जुना पाहुणा आहे की नवाच कुणी. जुना असेल तर तो सुस्त असतो, नुसती नजर ठेवून वर्षानुवर्षं निघतात. नवा असेल तर फुप्फुसाचा भाग काढावा लागेल, आणि लवकर.

"जुना रिपोर्ट आहे ना?" काचताईने विचारलं.

धाकटीने पिशवीतून पिवळा पडलेला कागद काढला. तीन ओळी. लाळेच्या ग्रंथीची वाईट गाठ, पूर्ण निघाली आहे. कुठल्या जातीची ते लिहिलेलं नव्हतं. त्या काळी त्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

काचताईने वही उघडली. नंबर सापडला. त्यावर आडवी रेघ होती, तिच्याच पेनाची. आता खरं सांगायचं एवढंच उरलं होतं. पण शिंपीण खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून इतक्या विश्वासाने बघत होती की, तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"शोधावं लागेल. परवा या."

"येऊ ना आम्ही. तेरा वर्षं थांबली ती काच, दोन दिवसांनी काय होतंय?" शिंपीण म्हणाली.

त्या दोन दिवसांत काचताईने जे केलं त्याला शहाणपण म्हणता येणार नाही. नाही हे माहीत असताना तिने उरलेले सगळे खण पालथे घातले. न जाणो, एखादी पट्टी चुकून पुढच्या वर्षात घुसली असेल. घरी जाऊन डबा काढला आणि त्रेचाळीसही नंबर वाचले, जणू ती अनोळखी बाई तिच्या ओळखीच्या माणसांत येऊन बसलेली सापडणार होती. सासरे खुर्चीतून बघत होते. त्यांनी रेडिओ बंद केला, आणि ते क्वचितच व्हायचं.

"काय आहे ग त्या डब्यात?"

तिने आजवर त्यांना सांगितलं नव्हतं. ती त्यांच्याजवळ गेली, ती एक पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि कानाशी मोठ्याने म्हणाली, "ह्यांची आहे. टाकायची होती. मी ठेवली."

म्हाताऱ्याने पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. मधोमध नखाएवढा गुलाबी डाग. तिने खालून त्यांचं मनगट धरलं.

"एवढासाच?"

"एवढासाच."

"रंग मात्र बरा दिलायस," ते म्हणाले. मग पट्टी परत तिच्या हातात देऊन, "चांगलं केलंस, सूनबाई. फार चांगलं केलंस."

हे ऐकून तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी तिने पट्टी कापसात परत ठेवली आणि झाकण लावलं. ज्याचं आता काही व्हायचं नव्हतं त्याची काच ती सांभाळून बसली होती, आणि जिचं अजून सगळं व्हायचं होतं तिची काच भरडून रस्त्याच्या खडीत गेली होती. आणि हे कुणाला सांगावं तर घरात एकच माणूस, तो म्हणत होता चांगलं केलंस.

परवाच्या दिवशी बहिणी वेळेआधीच हजर. काचताईने त्यांना खिडकीबाहेर उभं न ठेवता आत बोलावलं, दोन स्टुलं पुढे केली. शिंपिणीचा चेहरा तेवढ्यावरूनच बदलला. ज्याला आत बोलावून बसवतात त्याच्यासाठी बातमी चांगली नसते, एवढं इस्पितळात फिरलेल्या माणसाला कळतं.

"ती पट्टी नाही," काचताई म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी टाकली. ठोकळाही टाकला. परवाच मला माहीत होतं. माझ्याने सांगवलं नाही."

"टाकली म्हणजे?" धाकटी.

"दहा वर्षांवरचं सगळं टाकायचा नियम आहे. जागा नव्हती. छताला चीर गेली होती."

शिंपीण गळ्यातली फीत बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. शेवटी म्हणाली, "माझ्याकडे मापाच्या वह्या आहेत, ताई. तीस वर्षांच्या. त्यातली निम्मी माणसं मेलीत, निम्मी दुप्पट झालीत. एकाही मापाचा आता उपयोग नाही. पण वही टाकायचं माझ्या कधी मनात आलं नाही. तुमच्या कसं आलं?"

"माझ्या मनात नव्हतं आलं."

"पण टाकलं तुम्हीच ना?"

"हो. मीच."

"नियम म्हणजे सगळंच टाकलं?" धाकटीने विचारलं. तिने ते सहज विचारलं होतं. हो म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. कुणी झडती घेणार नव्हतं.

"नाही," काचताई म्हणाली. "त्रेचाळीस मी ठेवल्या. घरी आहेत."

"कुणाच्या?"

"ओळखीच्यांच्या. माझ्या नवऱ्याची."

"ते बरे आहेत का आता?" शिंपिणीने विचारलं. ती खरंच विचारत होती.

"सोळा वर्षं होत आली जाऊन."

धाकटी ताडकन उठली. "वा! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! मेलेल्यांना कापसात ठेवलंत आणि माझी ताई जिवंत आहे तर तिला कचऱ्यात घातलंत?" तिचा आवाज बाहेर बाकांवर बसलेल्या लोकांपर्यंत गेला. काचताईने मान खाली घातली नाही, तिच्याकडे बघत राहिली. कापूस घातला होता हे तिने सांगितलं नव्हतं, धाकटीने अंदाजाने म्हटलं होतं, आणि नेमकं तेच तिला लागलं.

शिंपिणीने बहिणीचा हात धरून तिला खाली बसवलं. "ओरडून काच यायची आहे का?" मग काचताईकडे वळून, "बरं. नाही तर नाही. नाही असं लिहून तरी द्या. डॉक्टर म्हणतील मीच हरवली."

काचताईने लिहून दिलं. त्याच दिवशी ती डबा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी डबा उघडून बघितला, झाकण लावलं.

"हे चुकीचं केलंत."

"हो."

"मला कळवायलाच नको होतं तुम्ही. आता मला काहीतरी करावं लागेल." त्यांनी थोडा विचार केला. "तुमच्या यजमानांची घरी घेऊन जा. बाकीच्या जाऊ देत. मी काही बघितलं नाही."

काचताईने डब्यातून काहीच उचललं नाही. संध्याकाळच्या गाडीत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस गेल्या. घरी सासरे अधूनमधून विचारत, "आहे ना ती अजून?" आणि ती कानाशी जाऊन सांगे, "आहे." पुढे दोन वर्षांनी ते गेले, तोवर ती हेच सांगत होती.

छातीच्या डॉक्टरांपुढे दोनच वाटा होत्या. वाट बघावी, तर डाग नवा निघाल्यास उशीर झालेला असेल. कापावं, तर निदान मागे काही राहणार नाही. त्यांनी कापायचं ठरवलं. त्यांच्या जागी कुणीही तेच ठरवलं असतं. शिंपिणीच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढला आणि तो डबीत बुडून काचताईच्या टेबलावर आला. काप तिने काढले. इतकी वर्षं काम करून हात बसलेला, तरी पहिले दोन काप सुरकुतले आणि टाकावे लागले. तिसरा नीट उतरला.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी बघितली. मग कधी नव्हे ते तिला बोलावून म्हणाल्या, "बघा."

काचताईने डोळा लावला. जांभळ्या पेशींचे पुंजके आणि त्यांत गोल गोल भोकं, चाळणीसारखी. एकतीस वर्षांत तिला एवढं कळायला लागलं होतं. लाळेच्या ग्रंथीतली ती चाळणी फुप्फुसात येऊन बसली होती.

"जुनीच," ती म्हणाली.

"जुनीच. आणि कडेला आणखी दोन बारीक ठिपके आहेत. म्हणजे दुसरीकडेही असणार. काढून तसा काही फायदा झाला नाही." डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे टेकल्या. "आधी कळलं असतं, तर कदाचित हातही लावला नसता."

"कदाचित," काचताई म्हणाली.

"कदाचितच. मला तुमची समजूत काढता येत नाही." पुढे होऊन पट्टी काढत त्या म्हणाल्या, "सही माझी होती."

यानंतर इस्पितळात बैठक भरली. बैल गेला आणि झोपा केला, तशातली. किती वर्षं ठेवावं यावर प्रत्येकाचं मत होतं. एक डॉक्टर म्हणाले, कायम ठेवा. व्यवस्थापकांनी विचारलं, कायम म्हणजे कुठे? वकील म्हणाले, नियमात दहा आहे तर दहाच ठेवा, अकरा ठेवाल आणि बारावं मागायला कुणी आलं तर आपणच अडकू. इंजिनिअरना फक्त तुळईची काळजी. काचताईला कोपऱ्यात खुर्ची दिली होती, वह्या घेऊन. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी ती बोलली.

"किती वर्षं ते मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मी स्वतः निवडायला गेले आणि काय निवडलं ते बाहेरच्या बाकांवर सगळ्यांनी ऐकलंय. माणसाला निवडायला देऊ नका, एवढंच माझं म्हणणं आहे. आणि टाकायच्या आधी, ज्याची काच आहे त्याला एक पत्र टाका. हवी असेल तर घेऊन जाईल."

शेवटी ठरलं असं. ज्यांच्यात वाईट गाठ निघाली, त्यांच्या पट्ट्या आणि ठोकळे तीस वर्षं ठेवायचे, गावाबाहेरच्या एका तळमजल्यावरच्या गोदामात. बाकीच्यांचे दहा वर्षं. मुदत संपली की पत्र, आणि दोन महिने वाट बघून मग टाकायचं. पत्रं लिहायचं काम अर्थातच काचताईकडे आलं.

वाटलं होतं, लोक येतील, आपापलं घेऊन जातील. निम्मी पत्रं पत्ता बदलला म्हणून परत आली. काही जणांनी उत्तर दिलं नाही. एक बाई तणतणत खिडकीशी आली आणि म्हणाली, "विसरायला मला दहा वर्षं लागली, आणि तुम्ही पत्र पाठवता? परत माझ्या दारात असला कागद आला तर बघा!" एक गृहस्थ मात्र आले, बायकोच्या तीन पट्ट्या रुमालात बांधल्या, सही केली आणि गेले. काचताईने वर्षभरात चारशेच्या वर पत्रं लिहिली. घेऊन गेले अकरा जण.

शस्त्रक्रियेनंतर सहाएक महिन्यांनी ती शिंपिणीच्या दुकानात गेली. बरोबर सासऱ्यांचा एक सदरा घेतला होता, कॉलर विरलेली. निमित्त आहे हे तिलाही कळत होतं आणि आत बसलेल्यांनाही. यंत्रावर धाकटी बसली होती. तिने एकदा वर बघितलं आणि पुन्हा शिवण पुढे सरकवली. शिंपीण टेबलाशी उभी राहून कापड कापत होती, मधूनच थांबायची, टेबलाला हात टेकून दम घ्यायची.

"यंत्र नाही चालवत आता," ती म्हणाली. "चार वेळा पाय मारला की छाती भरते. कापते मात्र मीच. हिचा हात वाकडा."

"वाकडा तर वाकडा," धाकटी यंत्राकडे बघतच म्हणाली.

"सदरा दुरुस्त करायचाय?" शिंपिणीने तो हातात घेतला. "कॉलर उलटून देते. अजून दोन वर्षं जाईल."

काचताईला माफी मागायची होती. वाटेत वाक्यंही जुळवली होती. पण शिंपीण सदऱ्याची शिवण उसवायला लागली आणि सगळी वाक्यं पोकळ वाटायला लागली. तिने एवढंच विचारलं, "रागावलात?"

शिंपिणीने कात्री खाली ठेवली. "राग कुणावर धरू? छतावर?" मग म्हणाली, "एक खरं सांगू? काच गेली त्याचं नाही वाटलं एवढं. तुम्ही 'परवा या' म्हणालात ना, ते दोन दिवस मी फार खुशीत होते. ते तुम्ही करायला नको होतं."

सदरा आठ दिवसांनी तयार झाला. कॉलर इतकी नेटकी उलटली होती की सासऱ्यांना कळलंही नाही. काचताई त्यानंतर दोन-तीनदा दुकानात गेली. बोलणं कामापुरतं होई. मैत्री काही झाली नाही.

शिंपीण आणखी चार वर्षं काढून गेली. शेवटी शेवटी तिला कात्रीही पेलवत नव्हती, असं कुणीतरी सांगितलं. काचताईच्या नोकरीचे तेव्हा अखेरचे काही महिने उरले होते.

एके दिवशी दुपारी धाकटी बहीण खिडकीशी आली. एकटीच. हातात पिशवी नव्हती.

"ताईच्या काचा आहेत ना? फुप्फुसाच्या?"

"आहेत." काचताईने गोदामाची वही ओढली. "हव्यात का?"

"नको. मी काय करू घेऊन?" ती कठड्यापासून जरा लांबच उभी होती. "किती वर्षं ठेवणार?"

"तीस. मग घरी पत्र जाईल."

धाकटीने मनात काहीतरी मोजलं. "तोवर मी नसेन."

"मीही नसेन," काचताई म्हणाली.

"म्हणजे पत्र टाकाल ते कुणाला?"

काचताईने वही मिटली. धाकटी आणखी थोडा वेळ उभी राहिली. तिच्यामागे दोन माणसं रिपोर्ट घ्यायला येऊन थांबली होती, त्यांना वाट देण्यासाठी ती बाजूला सरली आणि तशीच जिन्याकडे निघून गेली. काचताईने पुढच्या माणसाची पावती हातात घेतली आणि नंबर वाचला.